काढून टाका म्हणायचं कुणाला?

(कर्जत-खालापूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



इंटरनेटवर फोटो, व्हिडिओ ठेवायच्या आणि एकमेकांना पाठवायच्या छोट्या छोट्या सोयी निघतात. चांगल्या हेतूनं निघतात. पण उद्या तिथं कुणी एखाद्या मुलीची क्लिप तिला न विचारता आणून टाकली, तर?

याची आपल्याकडची पहिली गाजलेली केस मुंबईच्या बाझी डॉट कॉमची. लोकांनी वस्तू विकायला मांडाव्यात अशी ती साइट. २००४ च्या नोव्हेंबरात, एका शनिवारी रात्री, दिल्लीतल्या दोन शाळकरी मुलांची क्लिप तिथं विकायला आली. किंमत १२५ रुपये. उतरली सोमवारी सकाळी. मधे रविवार होता ना! डिसेंबरात कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली आणि सगळी चर्चा त्यांच्याभोवतीच फिरली. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं त्यांच्यावरचा खटला रद्द केला, कारण कंपनीला आरोपीच केलं नव्हतं. त्या मुलीला या सगळ्यात काय मिळालं, हे कुणी विचारलं?

पुढे २००८ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा दुरुस्त झाला. दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुराबद्दल सेवा चालवणाऱ्याला संरक्षण मिळालं. एक अट अशी, की कळल्यावर त्यानं हलायचं. कळलं म्हणजे काय? २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात कोर्टानं सांगितलं, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आला म्हणजे कळलं. लिहिण्या-बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी ते योग्यच होतं. पण कातकरी वाडीतल्या पोरीनं आदेश आणायचा कुठून?

म्हणून २०२१ चे नियम आपल्या कामाचे. उघडी-नागडी किंवा जोडकाम केलेली चित्रं असतील तर तिची स्वतःची, किंवा तिच्या वतीनं कुणाचीही, तक्रार पुरते. तिच्या वतीनं म्हणजे तुम्ही. तेव्हा मुदत २४ तासांची होती, नंतर ती आणखी कमी झाली. सेवा छोटी आहे, एकटा माणूस चालवतो, ही सबब चालत नाही. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि पत्ता साइटवर हवाच. तुमच्या गटानं अशी सोय काढली तर तेच तुम्हालाही लागू. क्लिप लोकांच्या नजरेआड करा, पण तिची आणि टाकणाऱ्याची नोंद तपासासाठी १८० दिवस जपा.

आणि कृपा करून पुरावा म्हणून ती क्लिप गटात फिरवू नका. तो स्वतंत्र गुन्हा आहे. मुलगी अठराच्या आतली असेल तर फारच गंभीर. लिंक, तारीख, वेळ, टाकणाऱ्याचं खातं वहीत उतरवा.

नेरळ, खोपोली, खालापूर, कुठल्याही ठाण्यानं गुन्हा नोंदवायला हवा. हद्दीचं कारण सांगता येत नाही. तपास मात्र निरीक्षक दर्जाच्याच अधिकाऱ्यानं करायचा असतो, म्हणून ‘साहेब आल्यावर या’ ऐकाल. नोंद तरी आधी करा म्हणावं. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते.

घरात काय होतं, ते तुम्ही माझ्याहून जास्त पाहिलंय. आधी तिचा मोबाइल काढून घेतात, मग खोपोलीचं कॉलेज बंद, मग स्थळं बघणं. त्यामुळे तक्रारीइतकीच त्या पहिल्या संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसायची गरज असते. टाकणाऱ्याचं शिक्षण कुणी बंद करत नाही.

आता दोघी-दोघी मिळून तक्रार लिहून बघू. पहिल्या ओळीत लिंक. दुसऱ्या ओळीत, ‘हे माझ्या संमतीशिवाय टाकलं आहे.’ तिच्यावर काय गुजरलं ते त्यांना लिहून द्यायची गरज नाही.