मुलगी कॉलेजात जाते, की तिचे नाव?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थिनींपुढे झालेले भाषण)



इल्म हासिल करणे मर्द आणि औरत दोघांवर फर्ज आहे, हे आपल्या प्रत्येक जलशात सांगितले जाते. मी ते पुन्हा सांगत बसत नाही. मुलींना शिकवावे की नाही, हा वाद आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आता फारसा ऐकू येत नाही. मुलगी बारावी होते आणि वडील आनंदाने बी.ए.ला तिचे नाव घालतात. मला बोलायचे आहे ते त्यानंतरच्या तीन वर्षांबद्दल.

नाव घातले, फी भरली, की पुष्कळ घरांत काम संपते. मुलगी घरीच राहते. परीक्षा जवळ आली की बाजारातून गाईड आणले जाते, पंधरा दिवस पाठांतर होते, आणि मुलगी पास होते. मंगनीच्या वेळी "लडकी ग्रॅज्युएट है" असे सांगता येते. यात कोणी कोणाला फसवीत नाही, हे मी मान्य करते. पण विज्ञानाच्या मुलीला निदान प्रॅक्टिकलसाठी तरी कॉलेजात यावे लागते. कला शाखेला प्रयोगशाळा नाही. तिथे जे काही घडते ते वर्गातल्या बोलण्यात घडते. इतिहासाच्या तासाला एक मुलगी विचारते, दुसरी तिला विरोध करते, प्राध्यापिका दोघींना ग्रंथालयातले पुस्तक पाहायला सांगतात. हे वगळले तर बी.ए.मध्ये शिकण्यासारखे थोडेच उरते.

महर्षी कर्वे यांनी १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. १९१६ साली विद्यापीठ सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक विषय. १९२१ साली पहिल्या पदवीधर बाहेर पडल्या, त्या पाच. कायद्याने मान्यता मिळायला १९५१ साल उजाडले. म्हणजे पस्तीस वर्षे मुली ज्या पदवीसाठी शिकल्या, तिच्यावर सरकारी शिक्का नव्हता. तरीही वर्ग भरत राहिले.

आपल्या समाजातले उदाहरण अलीगढचे आहे. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली मुलींची शाळा काढली. १९१४ साली वसतिगृह झाले, तेव्हा दूरगावच्या मुली येऊ लागल्या. वहीद जहाँ बेगम स्वतः त्या मुलींची देखभाल करीत. मुली त्यांना आला बी म्हणत. लेक दुसऱ्या गावी पाठवताना आईबापांना अशीच कोणी तरी बाई तिथे हवी असते. आजही हवी असते.

आता आपल्याकडे पाहू. मुलगी बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीने फुकट जाते. बारावी झाली की ती सवलत संपते. पुढे विद्यार्थी पास मिळतो, त्यात एक तृतीयांश भाडे भरावे लागते. रक्कम मोठी नसते, पण नेमक्या त्याच वर्षी घरात प्रश्न निघतो : "रोज जायचे कशाला?" पासासाठी कॉलेजचा दाखला लागतो, तो आणायलाही मुलीला एकटी पाठवत नाहीत. शिवाय सकाळची एसटी चुकली की पुढची केव्हा येईल, हे आर्णी किंवा घाटंजीच्या फाट्यावर उभ्या असलेल्या मुलीलाच विचारा. एकाच वाटेवरच्या चार घरांनी ठरवून मुली बरोबर पाठवल्या, तर निम्मी काळजी मिटते.

याहून मोठी अडचण भाषेची आहे, आणि तिच्याविषयी आपण बोलतच नाही. मुलगी दहावी-बारावी उर्दूतून करते. दारव्ह्याच्या, पुसदच्या बाजारात ती फाडफाड वऱ्हाडी बोलते. पण राज्यशास्त्राच्या तासाला 'सार्वभौमत्व' हा शब्द आला की मान खाली घालते. बाई समजतात, मुलगी मंद आहे. वास्तविक 'इक्तिदार-ए-आला' म्हणजे काय, हे ती उर्दूत सांगू शकते! शब्द अडला आहे, अक्कल नव्हे. आणि मराठी तिला वाटते तितकी परकीही नाही. वकील, फिर्याद, मसुदा, तहसील हे शब्द दोन्ही घरचे आहेत. महिनाभर कोणी शेजारी बसून शिकवले तर ही भीती जाते. पहिल्या सत्रात ती गेली नाही, तर मुलगी दुसऱ्या सत्रात येतच नाही.

विषय निवडतानाही घाई होते. २०२४-२५ पासून नव्या धोरणाप्रमाणे मुख्य विषय ठरवावा लागतो. मैत्रिणीने घेतला म्हणून घेतला, असे चालणार नाही. गृहअर्थशास्त्र सोपे म्हणून घेणाऱ्या मुलींना आहारशास्त्राचे पहिले प्रकरण उघडल्यावर घाम फुटतो. (विषय चांगला आहे, सोपा मात्र नाही.)

सच्चर समितीने २००६ साली सांगितले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले शेकडा चारही नाहीत. हा आकडा आपण सभांतून फार वेळा ऐकतो. तो नुसत्या नावनोंदणीनेही वाढवता येईल. म्हणून मला त्याचे फार कौतुक नाही.

पालकांना एवढीच विनंती, की मंगनी ठरवताना तिसऱ्या वर्षाची परीक्षा होईपर्यंत शादीची तारीख धरू नका, आणि ही अट पहिल्याच बैठकीत समोरच्यांना सांगा. नंतर सांगितली की ती अट राहत नाही, अर्ज होतो. मुलींनो, तुम्ही पुढच्या बाकावर बसा, टिपणे स्वतःच्या हाताने काढा, आणि रोज एक तास ग्रंथालयाचा घरून मागून घ्या.

संस्थेला माझे सांगणे असे : यंदा गुणवंतांच्या सत्काराच्या ढाली थोड्या कमी करा आणि त्या पैशांत बारावी झालेल्या मुलींसाठी महिनाभर मराठीचा वर्ग चालवा. सकाळचे दोन तास पुरेत. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. सुटीत शाळेची खोली रिकामीच असते. शिकवायला मी येईन.

खुदा हाफिज.