होडीच्या इंजिनाला टॅकोमीटर हवा काय?

श्रोतेहो, पैनगंगेवरच्या ईसापूर जलाशयात होडीला छोटे पेट्रोल इंजिन लावायचे म्हटले, की प्रश्न येतो : टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे मोजणारे यंत्र, विकत घ्यावे काय? मुरलेला नावाडी म्हणेल, "माझा कान कशाला आहे?" कान खरा, पण ४८०० आणि ५२०० यांतला फरक त्याला कळत नाही, आणि घोडे तिथेच अडते. पुष्कळ लहान इंजिनांना पूर्ण वेगात साधारण ५००० ते ६००० फेरे लागतात. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. माणसे, जाळी भरल्यावर फेरे त्याखाली राहिले, तर पंखा जड पडतो नि इंजिन दमते, चढावरच्या बैलासारखे. पंख्याचा पीच एक इंच कमी केला, की सुमारे १५० ते २०० फेरे वाढतात.

तेव्हा ओझे ठरलेले आणि पंखा कारखान्याचाच असेल, तर पैसे खर्चू नयेत. पंखा बदलायचा असेल, तर मात्र मोजल्यावाचून बदलू नये. ठिणगीच्या तारेला वेढा देऊन चालणारे स्वस्त मापक मिळते. चार होडीवाल्यांनी मिळून एकच घ्यावे. एका फेऱ्याला ठिणग्या किती, हे त्यात आधी ठरवून द्यावे, नाहीतर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. आणि चाचणी भरल्या होडीने करावी, रिकाम्या नव्हे.