तोफेचा डोळा



कामगार चळवळीत तीस वर्षे घालवलेल्या माणसाने व्याख्यानमालेत तोफखान्यावर बोलायला उभे राहावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी पद्धत हे आमचे नेहमीचे विषय. माझे शाळेचे शिक्षण अर्धवट राहिले आणि सैन्यात मी एक दिवसही नव्हतो. परंतु आमच्या युनियनमध्ये पहारेकऱ्यांची एक शाखा आहे, आणि तीत तोफखान्यातून पेन्शन घेऊन आलेली बरीच मंडळी आहेत. रात्रपाळीला त्यांच्याशी बोलत बसलो असता मला पहिल्यांदा कळले, की तोफ डागणाऱ्याला शत्रू दिसतच नाही. मग वाचनालयातून पुस्तके आणली, या मंडळींकडून समजून घेतले, आणि जे पदरात पडले ते आपणापुढे ठेवीत आहे.

आपण नाशिककर. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, तेव्हा तोफेचा आवाज आपल्याला परका नाही. पण त्या आवाजामागे दोन प्रश्न आहेत. न दिसणाऱ्या जागेवर गोळा नेमका पडतो कसा, हा पहिला. आणि तो जिथे पडतो, त्याची जबाबदारी कोणाची, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर नीट समजले, तर दुसऱ्याचे उत्तर आपोआप हाती येते, असे माझे मत आहे.

पूर्वी तोफ डोळस होती. मराठीत तोफ चालवणाऱ्याला गोलंदाज म्हणत. आज तो शब्द क्रिकेटच्या मैदानावर गेला आहे, पण साम्य खरे आहे. गोलंदाजाला समोरचा यष्टीरक्षक दिसावा, तसा जुन्या गोलंदाजाला बुरूज दिसे. नळीवरून नजर लावायची आणि बत्ती द्यायची. पुढे लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या आणि हे गणित बिघडले. १५ डिसेंबर १८९९ रोजी दक्षिण आफ्रिकेत कोलेन्सो येथे इंग्रजांच्या कर्नल लाँग याने बारा तोफा उघड्या माळावर बोअर लोकांच्या खंदकांसमोर नेऊन उभ्या केल्या. तोफांना शत्रू दिसत होता हे खरे, परंतु शत्रूलाही तोफा दिसत होत्या. खंदकातल्या बंदुकांनी तोफांवरची माणसे टिपून काढली आणि बारापैकी दहा तोफा बोअरांच्या हाती गेल्या. या लढाईतले जखमी वाहून नेण्याचे काम गांधीजींच्या भारतीय पथकाने केले होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

यातून धडा निघाला. तोफ टेकडीच्या आड ठेवावी. पण टेकडीच्या आड गेलेली तोफ सुरक्षित झाली, तशीच आंधळीही झाली. आता तिला दुसऱ्या कोणाचे तरी डोळे उसने घेणे भाग पडले.

या उसन्या डोळ्यांची किंमत काय असते, ते जगाने १९०४ साली पोर्ट आर्थर येथे पाहिले. रशियाचे आरमार बंदरात नांगरून पडले होते आणि भोवतालच्या डोंगरांमुळे जपानी सैन्याला ते दिसत नव्हते. जपान्यांनी आपल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या अवजड तोफा तिथवर आणल्या होत्या. अठ्ठावीस सेंटिमीटर तोंडाच्या, दोनशे किलोंहून जड गोळा फेकणाऱ्या या तोफा. पण गोळा डोंगरापलीकडे गेला, की तो जहाजावर पडला की पाण्यात, हे सांगणार कोण? बंदर नीट दिसेल अशी एक टेकडी होती. उंचीवरूनच तिला २०३ मीटर टेकडी म्हणत. तिच्यासाठी दोन्ही बाजूंची हजारो माणसे पडली. जपानी सेनापती नोगी यांचा धाकटा मुलगाही याच टेकडीच्या लढाईत मारला गेला. ५ डिसेंबर १९०४ रोजी टेकडी जपान्यांनी घेतली. तिच्या माथ्यावर निरीक्षक बसला, त्याच्या हाती टेलिफोन आला, आणि आठवड्याच्या आत चार मोठ्या युद्धनौका आणि दोन क्रूझर बंदरातच बुडाल्या. तोफा त्याच होत्या. गोळेही तेच होते. फरक पडला तो पाहणाऱ्या एका माणसाने आणि एका तारेने.

आता हा माणूस प्रत्यक्षात करतो काय? याला आमचे पेन्शनर ओपी म्हणतात. आपण टेहळणी अधिकारी म्हणू. त्याच्याजवळ नकाशा, होकायंत्र, दुर्बीण आणि वायरलेस असतो. तो लक्ष्याची जागा नकाशावरच्या चौकटीच्या आकड्यांत मागे कळवतो. मागे, कित्येक किलोमीटरवर, तोफांच्या जवळ हिशेब करणारी माणसे असतात. ती त्या आकड्यांवरून तोफेची दिशा आणि नळीचा चढ ठरवतात. मग एकच तोफ एक गोळा टाकते. बाकीच्या तोफा तेच आकडे आपापल्या नळीवर लावून गप्प बसतात.

हा पहिला गोळा बहुधा चुकतो. यात कोणाचा दोष नसतो. वारा असतो, हवा दाट किंवा विरळ असते, दारू थंड किंवा गरम असते, नळी झिजलेली असते. इतकेच काय, एकाच तोफेतून तेच आकडे लावून दहा गोळे टाकले, तरी ते एका खड्ड्यात पडत नाहीत. थोडे पुढे, थोडे मागे विखुरतात.

गोळा पडला, धूर उठला. तो लक्ष्याच्या डावीकडे की उजवीकडे, हे कोणालाही दिसते. किती डावीकडे, तेही मोजता येते. दुर्बिणीच्या काचेत बारीक खुणा असतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग केले, तर त्यातला एक भाग हजार मीटरवर साधारण एक मीटर भरतो. लक्ष्य दोन हजार मीटरवर असेल आणि धूर पंचवीस भाग डावीकडे दिसला, तर चूक पन्नास मीटरची. अधिकारी सांगतो, ‘उजवीकडे पन्नास.’

खरी अडचण अंतराची. दूरचा धूर लक्ष्याच्या पुढे उठला की मागे, आणि किती, हे डोळ्याला सहज कळत नाही. म्हणून आधी धूर आपल्या आणि लक्ष्याच्या सरळ रेषेत आणून घ्यायचा. धुराने लक्ष्य झाकले, तर गोळा अलीकडे पडला. लक्ष्याने धूर झाकला, तर पलीकडे. एवढे एक उत्तर पक्के मिळाले, की पुढचे काम किराणा दुकानातल्या तराजूसारखे आहे. वाणी वजने कशी टाकतो? आधी मोठे, ते जड झाले की काढून त्याच्या निम्मे, मग त्याच्या निम्मे, असे करत काटा मध्ये आणतो. तसेच इथे. समजा, गोळा पलीकडे पडला. अधिकारी म्हणतो, ‘चारशे कमी.’ आता अलीकडे पडला. म्हणजे लक्ष्य या दोघांच्या मध्ये आहे, हे निश्चित झाले. ‘दोनशे जास्त.’ पलीकडे. ‘शंभर कमी.’ अलीकडे. ‘पन्नास जास्त,’ आणि आता सगळ्या तोफा एकदम.

कोणी विचारील, की पलीकडे पडलेला गोळा पंचवीस-पंचवीस मीटरने हळूहळू अलीकडे का आणू नये? ते अधिक सावधपणाचे नाही का? नाही. एकाच बाजूने सरकत राहिले, तर आपण किती दूर आहो हे कधीच कळत नाही. वेळ जातो, गोळे जातात, आणि समोरचा माणूस सावध होऊन जागा सोडतो. धीटपणे दुसऱ्या बाजूला उडी घेतली, की लक्ष्य चिमट्यात सापडते. मात्र आपलेच शिपाई लक्ष्याच्या जवळ असतील, तर हा नियम बाजूला ठेवून मुद्दाम पलीकडे पहिला गोळा टाकतात आणि अगदी थोडाथोडा अलीकडे आणतात. तिथे वेळ वाचवण्यापेक्षा माणूस वाचवणे मोठे ठरते.

हे सगळे शब्दांवर चालते, आणि शब्दांची शिस्त फार कडक आहे. वायरलेसवर आलेला प्रत्येक आकडा ऐकणाऱ्याने परत म्हणून दाखवायचा. ऐकू आले नाही, तर ‘से अगेन’ म्हणायचे. ‘रिपीट’ म्हणायचे नाही. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे तोच गोळा पुन्हा टाका. आमच्या एका पेन्शनर सिग्नलमनने घरीसुद्धा हा शब्द कधी वापरला नाही, असे तो सांगतो.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. हुकूम कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्याची रीत अशी होती, की बॅटरीचा मुख्य अधिकारी तोफांपाशी बसत नसे. तो पुढे, पायदळाच्या सेनापतीजवळ असे. टेहळणीचे कामही अनुभवी अधिकाऱ्यांकडे असे, आणि तोफांपाशी त्यांच्याहून कनिष्ठ अधिकारी राही. पुढच्याने मागे कळवले, की ती विनंती नसे. तो हुकूम असे. अमेरिकन सैन्याने १९३० नंतरच्या दशकात फोर्ट सिल येथे दुसरी पद्धत बसवली. तीत पुढचा माणूस मागणी करतो आणि मागचे केंद्र ठरवते. तिचेही फायदे आहेत. पुढे अगदी नवखा माणूस असला तरी काम चालते, आणि केंद्राला अनेक तोफखाने एकाच जागी वळवता येतात. मी दोन्ही पद्धतींचा मान राखतो. आपल्या भारतीय तोफखान्याने ब्रिटिश वारसा घेतला. तीत मला जे भावते ते हे, की ज्याला दिसते त्याचा शब्द चालतो. पदाने मोठा माणूस धुरापासून दूर, सुरक्षित जागी बसून ठरवीत नाही. तो उठून धूर दिसेल तिथे जातो.

१९९९ च्या कारगिल युद्धात हे आपण पाहिले. द्रासच्या वरच्या शिखरांवर शत्रू बसला, तेव्हा त्याचा मोठा लाभ बंदुकीचा नव्हता, नजरेचा होता. तोलोलिंगवरून श्रीनगर-लेह रस्ता खाली दिसत होता, आणि त्याचे निरीक्षक त्या रस्त्यावर आपल्या तोफांचे गोळे आणवीत होते. आपले टेहळणी अधिकारी पायदळाबरोबर रात्री ते कडे चढले, पाठीवर वायरलेस घेतलेल्या जवानांसह. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ. गोळा मैदानातल्या हिशेबापेक्षा लांब जातो. समोर उभा कडा. थोडा लांब पडलेला गोळा शिखरावरून पलीकडच्या दरीत नाहीसा होतो, त्याचा धूरही दिसत नाही. अशा ठिकाणी दुरुस्ती सांगत त्यांनी बोफोर्सचे गोळे शत्रूच्या मोर्च्यांवर आणले. १३ जूनला तोलोलिंग आणि ४ जुलैला टायगर हिल हाती आले. त्या युद्धात आपल्या बाजूने अडीच लाखांवर तोफगोळे, बाँब व अग्निबाण डागले गेले असे सांगतात. त्यांतल्या कित्येकांची जागा अशाच कोणा थकलेल्या, थंडीने काकडलेल्या माणसाच्या तोंडच्या ‘कमी’ आणि ‘जास्त’ या शब्दांनी ठरली असेल.

आज लेझरने अंतर मोजतात, उपग्रहावरून जागा कळते, ड्रोन वरून पाहतो. पहिलाच गोळा पुष्कळदा जवळ पडतो. तरी पडदा पाहून ‘हे लक्ष्य आहे’ किंवा ‘हे नाही’ म्हणणारा कोणीतरी लागतोच.

आणि म्हणून दुसरा प्रश्न. नागपूरजवळ अंबाझरीला, चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला दारूगोळ्याचे कारखाने आहेत. तिथला कामगार आपले काम चोख करतो, पण आपला गोळा कुठे जाणार ते त्याला ठाऊक नसते. ट्रक चालवणाऱ्याला नसते. तोफेत गोळा भरणाऱ्याला फक्त आकडे ऐकू येतात. दिल्लीत सही करणाऱ्याला कागद दिसतो. या एवढ्या लांब साखळीत धूर ओसरल्यावर खाली मोर्चा आहे की कोणाचे घर, हे पाहणारा पुढे बसलेला तो एकच. म्हणूनच त्याला ‘टाका’ म्हणण्याइतकाच ‘थांबवा’ म्हणण्याचा अधिकार आहे, आणि तो शब्द उच्चारताच तोफा थांबल्या पाहिजेत, असा नियम आहे. त्याने लाजेखातर किंवा वरिष्ठांना बरे वाटावे म्हणून गोळा जवळ पडला असे खोटे सांगितले, तर सबंध तोफखाना आंधळा होतो. पहिला गोळा चुकणे हा गुन्हा नाही. तो कुठे पडला हे लपवणे हा गुन्हा आहे.

मी कामगार माणूस, तेव्हा एवढे म्हटल्याशिवाय खाली बसणार नाही. कारखान्यात आणि राज्यकारभारातही हुकूम टेकडीच्या आडून सुटतात. ते कुठे जाऊन पडले, हे यंत्रापाशी, शेतात, दवाखान्याच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला दिसते. त्याच्या शब्दाला तक्रार म्हणून बाजूला सारू नये. ती दुरुस्ती आहे. आणि सांगणाऱ्यानेही राग किंवा लोभ न धरता, किती डावीकडे, किती पलीकडे, हे मोजून सांगावे. सैन्यासारख्या कडक शिस्तीच्या ठिकाणी जर पुढच्या माणसाचा शब्द मागच्यांना मानता येतो, तर आपल्याला तो मानायला अडचण पडू नये.