मातीतले नाणे



एका मजुराला विहीर खणताना दोन-तीन तांब्याची नाणी सापडली. चिंच आणि राख लावून त्याने ती लख्ख घासली व मोठ्या हौसेने मला दाखवायला आणली. नाणी चकाकत होती; अक्षर एकही उरले नव्हते. घरचे तांबे-पितळ असेच घासणारी आपण माणसे, त्याला दोष काय द्यायचा?

पण नाण्यावरचा तो हिरवा थर नुसता मळ नव्हे. ओलीने तांब्याचा पृष्ठभागच बदललेला असतो, आणि पुष्कळदा ठसा त्या थरातच टिकून राहतो. आंबट रस दोन्ही खातो. नाणे मातीसकट कागदात गुंडाळावे. साफ करणे जाणत्याचे काम.

आपल्या अंबडहून पैठण लांब नाही, म्हणून सातवाहनांचेच उदाहरण देतो. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. जिंकलेला आणि हरलेला एकाच नाण्यावर! घासून झिजवली असती तर हे कुठे वाचले असते?

मजूर नाणी लपवतो ते सरकारच्या धास्तीने. १८७८ चा कायदा सांगतो, १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा. धनी न निघाल्यास, निराळा करार नसेल तर, चारांतले तीन हिस्से शोधणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. सरकारला ठेवा हवा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त मोजावा लागतो. न कळवल्यास मात्र हिस्साही जातो, वर तुरुंग. खणणाऱ्याला इतका वाटा देणारे कायदे मी फार पाहिले नाहीत. त्या मजुराला हे सांगितले, तेव्हा तो हातातल्या गुळगुळीत चकत्यांकडे पाहत राहिला.