जुन्या मोटारीची पाठशुद्धी
(ग्रंथालयाच्या शतसांवत्सरिक व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा सारांश)



ज्या वास्तूत शंभर वर्षे ग्रंथांची राखण झाली, त्या वास्तूच्या उत्सवात मोटारगाडीविषयी बोलणे कोणाला विषयांतर वाटेल. परंतु जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न ग्रंथपालाला जसा पडतो, तसाच तो जुनी मोटार पुन्हा उभी करणाऱ्या कारागिरालाही पडतो. जोयडा तालुक्यातील माणसाला तर हा प्रश्न घरचाच आहे. या तालुक्याचे पूर्वीचे नाव सुपा. काळी नदीवरील धरण १९८७ साली पुरे झाले. सुपा गाव जलाशयाच्या पोटात गेले आणि तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. ते गाव आता उरले आहे ते दप्तरांत, जुन्या नकाशांत आणि वृद्धांच्या आठवणींत. वस्तू नाहीशी झाली तरी कागद तिच्याविषयी बोलतो; पण वस्तू उरली आणि कागद हरवला, तर ती वस्तू मुकी होते. जुन्या मोटारींवर अनेकदा हीच दुसरी पाळी आली आहे.

आपल्या मुलखाचा आणि मोटारीचा संबंध जुना आहे. अणशी घाटाची वळणे ज्यांच्या अंगवळणी पडली आहेत, त्यांना घाट चढणे ही यंत्राची खरी परीक्षा असते हे सांगावयास नको. रोल्स-रॉइस कंपनीची ४०/५० अश्वशक्तीची, सहा सिलिंडरांची गाडी १९०६ साली लंडनच्या प्रदर्शनात लोकांपुढे आली. १९०८ साली तिच्यापैकी एक गाडी मुंबई-कोल्हापूर मार्गावरील चाचणी स्पर्धेत उतरली. सुमारे सहाशे मैलांची ती मजल होती आणि वाटेत सह्याद्रीचे घाट होते. त्या काळी रस्ते बैलगाडीच्या चाकोऱ्यांचे, आणि इंधन वाटेवर विकत मिळण्याचा संभव थोडा. ती स्पर्धा या गाडीने जिंकली. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नावाने तिची ख्याती झाली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी ती विकत घेतली.

त्यानंतरची दुसरी कथा इंदूरची. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९२६ ते १९४८ या काळात राज्य केले. त्यांचा माणिकबाग राजवाडा आधुनिक कलेच्या जाणकारांत प्रसिद्धच आहे. त्यांच्याकरिता १९३६ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या गाडीवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने दोन आसनांचा, लांब नाकाडाचा खुला साज चढविला. आठ सिलिंडरांचे जवळजवळ सात लिटरचे इंजिन, त्याला हवा दाबून पुरविणारा सुपरचार्जर, आणि ३२० अश्वशक्ती. अशी ही अस्सल वेगवान गाडी पुढे समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली. संस्थाने विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि गॅरेजे रिकामी होऊ लागली. काही गाड्या परदेशी गेल्या, काही भंगारात निघाल्या, तर कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची माइबाख दसऱ्याच्या सोहळ्यात मिरवत राहिली. तीन गाड्यांचे हे तीन निराळे प्रारब्ध.

आता अशी एखादी गाडी गोठ्यातून किंवा वखारीतून बाहेर आली, तर तिचा जीर्णोद्धार कसा होतो? पहिला नियम असा की, हातोडा उचलण्यापूर्वी कॅमेरा उचलावा. प्रत्येक भाग सुटा करताना त्याचे छायाचित्र घ्यावे, त्यावर चिठ्ठी बांधावी आणि वहीत नोंद करावी. मगच कारागीर कामाला लागतात. त्या काळच्या मोटारीचे अंग म्हणजे लाकडी चौकटीवर हाताने ठोकून बसविलेला पत्रा. त्यामुळे मेकॅनिकाइतकेच काम सुताराला, पत्रा ठोकणाऱ्याला, ओताऱ्याला आणि गादी शिवणाऱ्याला असते. इंजिनाच्या बेअरिंगमध्ये कथील, अँटिमनी आणि तांबे यांच्या मिश्रणाचा ‘व्हाइट मेटल’ ओतलेला असतो. तो झिजला की पुन्हा वितळवून ओतावा लागतो, लेथवर मापात आणावा लागतो आणि शेवटी हाताने खरवडून दांड्याशी जुळवावा लागतो. घाई केली तर थोड्याच मैलांत ती मेहनत वितळून जाते.

रंगाच्या बाबतीत तर कारागिराला पुराणवस्तुसंशोधकच व्हावे लागते. एखाद्या झाकल्या कोपऱ्यात पॉलिश-पेपरने हलके हलके घासत गेले की रंगाचे थर एकाखाली एक, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे दिसू लागतात. सर्वांत खालचा थर हा बहुधा जन्माचा रंग. तसेच चकाकीचे. मोटारींवर क्रोमचा मुलामा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. त्यापूर्वी निकेल आणि पितळ यांचेच राज्य होते. म्हणून १९१० सालच्या गाडीचे दिवे क्रोमने लखलखत असतील, तर जाणकाराला ते महानुभावांच्या गद्यात आगगाडी यावी तसे खटकते.

इतके होऊनही काम अर्धेच झालेले असते. गाडी चालू लागते, पण ती कोण आहे हे ठरलेले नसते. चॅसीवर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक हा तपासाचा प्रारंभ. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक चॅसीची कारखान्यातील नोंदपत्रे इंग्लंडमधील त्या गाड्यांच्या चाहत्यांच्या मंडळाने सांभाळून ठेवली आहेत. गाडी कोणी मागविली आणि तिचा साज कोणी चढविला याचा माग तेथे लागू शकतो. हिंदुस्थानात १९१४ च्या मोटार कायद्याने नोंदणीची रीत घालून दिली, तेव्हा नोंदणीची वही हा दुसरा पुरावा. मग संस्थानी दप्तरांतील खर्चाच्या नोंदी, लग्नाची आणि शिकारीची छायाचित्रे, वर्तमानपत्रांतील बातम्या आणि जाहिराती. एका छायाचित्रातील चिखलरोधकाच्या वळणावरून किंवा दिव्याच्या बैठकीवरून गाडीचा साज मूळचा की नंतरचा, हे कळून येते.

परंतु एवढे सगळे बदलल्यावर गाडी तीच राहते काय? हा केवळ तर्कशास्त्राचा खेळ नाही. तो न्यायालयात गेलेला प्रश्न आहे. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० साली, अशी लागोपाठ दोनदा जिंकली. १९३२ साली, मोठे इंजिन बसविलेली असताना, ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर तिला अपघात झाला आणि चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला. ती पुन्हा बांधली गेली, तिचा साज पालटला. १९९० साली एक कोटी पौंडांचा सौदा ठरला. तेव्हा घेणाऱ्याने म्हटले, ही ती गाडीच नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयात तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. १९२९ साली धावलेल्या गाडीचा जवळजवळ काहीच भाग उरला नसल्याचे दिसून आले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूने दिला. गाडी जशीच्या तशी मूळची नसेल, पण तिची परंपरा कोठेही तुटली नाही, तिची जागा दुसऱ्या कोणत्या गाडीने घेतली नाही. म्हणून ती अस्सलच, असा त्याचा आशय.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीन शतकांच्या हस्तलेखनात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर केले, आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद दिली. त्यांच्यासारख्या प्रतिभावंताला स्वतःच्या ओव्या घालणे अवघड नव्हते. त्यांनी ते केले नाही, हाच त्यांच्या संपादनाचा मोठेपणा. मोटारीचा जीर्णोद्धार हीही एक पाठशुद्धीच आहे. क्रमांक म्हणजे पोथीची समाप्तिका, नोंदवही म्हणजे लेखनपरंपरा, आणि हौसेने चढविलेला खोटा झगमगाट म्हणजे प्रक्षेप. चांगला कारागीर जे बदलावेच लागले ते बदलतो, पण काय बदलले ते लपवीत नाही. काढलेला कुजका लाकडी तुकडासुद्धा तो चिठ्ठी लावून ठेवतो, कारण पुढच्या पिढीतील एखाद्याला त्याच तुकड्यावरून आजची चूक सापडेल.

शासनानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाड्यांसाठी स्वतंत्र नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी सुरू झाली. प्रदर्शन, संशोधन, मेळावे आणि त्यासाठी लागणारी देखभाल यांकरिताच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. आता ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांना कायद्यातच स्थान आहे. आणि ते सिद्ध करावयाचे तर कागदच हवेत.

येथेच ग्रंथालयाचा संबंध येतो. जुनी मासिके बांधणीला देताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती. लेख राहिले, कविता राहिल्या; पण कोणत्या साली कोणती मोटार कोणत्या किमतीला मुंबईत मिळत होती, तिचे चित्र कसे होते, हे सांगणारी पाने रद्दीत गेली. ज्यांनी ती काढली त्यांच्या मनात अनादर नव्हता. त्यांनी साहित्य तेवढे जपण्याजोगे मानले. आजही कोणाच्या घरी आजोबांची सर्व्हिसिंगची वही, पेट्रोलच्या पावत्या, किंवा गाडीशेजारी उभ्या असलेल्या कुटुंबाचे मागे तारीख लिहिलेले छायाचित्र असेल. घर आवरताना पहिल्यांदा त्याच गोष्टी बाहेर जातात.

सुप्याचे घर पाण्यातून वर येणार नाही, पण त्या घराचा उतारा जपणे हातात आहे. गाडीचेही तसेच. लोखंड कारागीर सांभाळील. त्याची ओळख सांभाळण्याचे काम ग्रंथालयाने आणि त्याच्या सभासदांनी करावयाचे आहे. शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या या संस्थेने दुसऱ्या शतकात पाऊल टाकताना पुस्तकांच्या कपाटांशेजारी अशा घरगुती कागदांसाठी एक कपाट ठेवावे, आणि सभासदांनी ते रिकामे राहू देऊ नये, एवढीच या प्रसंगी विनंती.