वैरणीच्या ज्वारीचं बी निवडताना

बेशाच्या आसपास आता वावरांपेक्षा बिल्डिंगा जास्त दिसतात. तरी आपल्यापैकी काहींच्या दारात एखाददुसरी गाय अजून आहे, आणि धुऱ्याला चार ओळी ज्वारी असते. आज तिच्याच बियाण्याबद्दल बोलू या.

दोन वर्षांपूर्वी पावसानं दडी मारली. माझ्या जाऊबाईंनी गुडघ्याएवढी, कोमेजलेली ज्वारी कापून कालवडीला टाकली. तासाभरात ती धापा टाकत आडवी झाली. डॉक्टर येईपर्यंत गेली. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं, पोटात गेल्यावर त्यापासून सायनाइडचं विष तयार होतं. कोवळेपणी, पाण्याचा ताण पडल्यावर आणि कापणीनंतरच्या नव्या फुटव्यात ते जास्त असतं. म्हणून अर्धी ताटं फुलोऱ्यावर आल्याशिवाय कापू नये.

पण सगळ्या ज्वारीत हे विष सारखं नसतं. कुठल्या वाणात कमी, कुठल्यात जास्त. उंची, पानांची संख्या, धांड्याची जाडी, गोडवा यांतही असाच फरक असतो. हा फरक हेच पैदासकाराचं भांडवल. सगळी ताटं एकसारखी असती, तर निवडायचं काय? सोलापूरकडच्या मालदांडीतून मोहोळला अशीच निवड होऊन 'एम ३५-१' हा वाण आला, दाण्याला चांगला आणि कडब्यालाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास वैरणीसाठी 'रुचिरा' आणि 'फुले अमृता' दिले.

मात्र एक गुण वाढवला की दुसरा हलतो. उंच, जाड ताटाचं वजन भरतं, पण धांडा निबर झाला तर गाय अर्धा टाकून देते. पुन्हा पुन्हा कापायच्या वाणात कोवळा फुटवा सतत येतो, म्हणून तिथं विष कमी आहे ना, हे आधी बघावं लागतं.

आपण घरी बी धरतो तेव्हा कुठं चुकतो? उकिरड्याजवळचं सगळ्यात उंच ताट निवडतो. ती उंची खताची असते, बियाण्याची नसते. खताची उंची पुढच्या पिढीत उतरत नाही. म्हणून वावराच्या मधलं, शेजारच्या ताटांइतकंच खतपाणी मिळूनही सरस निघालेलं ताट निवडा.

आणखी एक खूण सांगते. पानाची मधली शीर बघा. खडूसारखी पांढरी असेल तर धांडा बहुधा कोरडा, भुसभुशीत. मळकट हिरवट असेल तर रसाळ. हा गुण मुख्यतः बियाण्यातूनच येतो, खतानं बदलत नाही.

फुलोऱ्यातच अशा ताटांना रंगीत चिंधी बांधा. एकाच ताटावर भिस्त नको, चाळीस-पन्नास ताटांचं बी एकत्र करा, म्हणजे पुढंही निवडायला फरक शिल्लक राहील. चिंधी बांधलेली ताटं वैरणीला न कापता दाणा पक्का होईपर्यंत उभी ठेवा. संकरित वाणाचं बी मात्र घरी धरू नका, पुढच्या वर्षी ताटं उंचसखल, वेगवेगळी निघतात.

जाऊबाईंनी यंदा चिंध्या बांधल्या आहेत. आणि घरातल्या पोरांना बजावून ठेवलंय, फुलोऱ्याआधी विळा लावायचा नाही.