माओरींची टोपली

टोपली म्हटली की आपल्याला बाजार आठवतो, नाही तर शेत. भाजी भरावी, माती वाहावी आणि मोडली की चुलीत घालावी. न्यूझीलंडमधील माओरी लोकही टोपलीत कंदमुळे आणि मासे भरीत आले. ते टोपलीला 'केते' म्हणतात. परंतु ही केते विणताना माणसाने कसे वागावे, याचे नियम त्यांनी घालून दिलेले आहेत, आणि ते ऐकण्याजोगे आहेत.

माओरींचे पूर्वज सुमारे ७०० वर्षांपूर्वी पॅसिफिक महासागरातील उबदार बेटांवरून होड्यांतून येथे आले. मूळच्या बेटांवर ते नारळाच्या झावळ्या आणि केवड्याच्या जातीची पाने विणीत. या थंड मुलखात नारळ येईना. तेव्हा त्यांनी 'हाराकेके' नावाची तिथली वनस्पती हाती धरली. इंग्रजांनी तिला जवसाचे नाव दिले खरे, पण जवसाशी तिचे काही नाते नाही. बांधावरचे घायपात डोळ्यांपुढे आणा. तशीच लांब, तलवारीसारखी पाने. मात्र ती पंख्यासारखी फुटतात आणि त्यांना काटे नसतात.

या पंख्याला माओरी लोक एक कुटुंब मानतात. मधला कोवळा कोंब, म्हणजे 'रितो', हे मूल. त्याला दोन्ही बाजूंनी कवटाळून उभी असलेली पाने म्हणजे आईबाप. त्यांच्या बाहेरची ती आजा, आजी आणि पूर्वज. कापायची ती फक्त ही बाहेरची पाने. मूल आणि आईबाप यांना हात लावायचा नाही. कोंब गेला तर तो पंखा वाढायचा थांबतो, हे त्यामागचे शेतकरी शहाणपण. आधी प्रार्थना म्हणतात. पावसात किंवा रात्री पाने कापीत नाहीत. छेद घ्यायचा तो तिरका, म्हणजे पाणी बाहेर निथळून जाते आणि कोंब सडत नाही. उरलेले तुकडेही इतस्ततः न टाकता झाडाच्या परिसरातच मातीला परत देतात.

मग पानांच्या कडा आणि मधली शीर काढून नखाने सारख्या पट्ट्या पाडतात. शिंपल्यांसाठी विरळ विणीची टोपली करतात, म्हणजे वाळू आणि पाणी गळून जाते. पानातले अन्न वाढायला लहान टोपल्या असतात. मानाच्या टोपल्यांवर नक्षी येते. काळा रंग हवा असेल तर पट्ट्या आधी झाडाच्या सालीच्या काढ्यात आणि मग लोहयुक्त चिखलात बुडवतात.

या नक्षीत एक पायऱ्यांची आकृती असते. तिची कथा अशी, की ताने नावाचा देव सर्वांत वरच्या स्वर्गात चढून गेला आणि मानवजातीसाठी ज्ञानाच्या तीन टोपल्या घेऊन आला. काही जमाती हे श्रेय तानेऐवजी ताव्हाकी या वीराला देतात. ते कोणीही असो. ज्ञान आले ते टोपलीतून, यात एकमत आहे.

आणि टोपलीत घेऊन आलेली वस्तू वाटायचीच असते. म्हणून विणायला शिकणाऱ्या मुलीने आपली पहिली टोपली स्वतःजवळ ठेवायची नाही, कोणाला तरी देऊन टाकायची, अशी रीत आहे.

या रीतीची खरी कसोटी विसाव्या शतकात लागली. विणकाम जाणणाऱ्या वृद्धा कमी होत चालल्या, आणि ही विद्या तर आपल्याच जमातीत राखण्याची प्रथा. बाहेर द्यावी तर परंपरा मोडते, न द्यावी तर विद्याच मरते! १९५१ साली माओरी स्त्रियांची कल्याण संघटना स्थापन झाली. त्यानंतर रंगिमारिए हेटेट या थोर विणकर बाईंनी आपली कला शिकू इच्छिणाऱ्या परक्यांनाही शिकवली. त्या १८९२ मध्ये जन्मल्या आणि १९९५ मध्ये वारल्या. त्यांची कन्या डिगरेस ते कानावा यांनीही हे काम पुढे चालवले. आज न्यूझीलंडमध्ये ही कला जिवंत आहे, याचे पुष्कळसे श्रेय अशा स्त्रियांना आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात न्यूझीलंडचा नकाशा उघडाल, तेव्हा लोकर आणि लोणी यांच्याबरोबर या टोपलीचीही गोष्ट मुलांना सांगा. कोंब राखून पाने घ्यावी आणि शिकलेले दुसऱ्याला द्यावे, एवढे त्यांना त्यातून सहज कळेल.